ॲम्प्लिफायर बाल्कनीत नको: मंडळाच्या सभागृहातल्या स्पीकरच्या तारांविषयी

प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. इंदूरमधल्या एका मराठी मंडळाचं साडेतीनशे खुर्च्यांचं सभागृह बांधून होत आलंय, प्लास्टर व्हायचं आहे. रंगमंचाच्या दोन बाजूंना बारा इंची मोठे स्पीकर, खाली दोन सबवूफर, बाल्कनीखाली बसणाऱ्यांसाठी दोन छोटे, आणि फॉयर, मेकअप रूम, कॉरिडॉर मिळून छतात बारा स्पीकर. कंट्रोल रूम बाल्कनीच्या मागे. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सगळीकडे दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर ओढतो, ॲम्प्लिफायर वरच ठेवा. दुसरं कोटेशन एका कंपनीचं आहे, त्यात छतातल्या स्पीकरसकट सगळं दांते नेटवर्कवर (म्हणजे संगणकाच्या नेटवर्क केबलवरून आवाज नेण्याची पद्धत), आणि आकडा पाहून कार्यकारिणी गप्प झाली आहे. सचिवांनी विचारलंय, कोणाचं ऐकू?

दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. पण त्याआधी एक गोष्ट पक्की करा: मिक्सर वर, ॲम्प्लिफायर खाली, विंगेला लागून एका छोट्या हवेशीर खोलीत. सत्तावीस वर्षं इंदूर, देवास, उज्जैनच्या पट्ट्यात हेच काम करतोय. त्यात जी सभागृहं मला पुन्हा पुन्हा बोलावतात, त्यातल्या बहुतेकांचे ॲम्प्लिफायर प्रेक्षकांच्या मागे वर बसलेले असतात.

कारण साधं आहे. मिक्सरपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जातो तो नुसता सिग्नल, आणि ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जातो तो खराखुरा करंट. सिग्नल लांब न्यायला पैसे कमी लागतात, करंट लांब न्यायला तांबं लागतं. तुमच्या नकाशात बाल्कनीपासून रंगमंच बावीस मीटरवर दिसतो, पण वायर काही हवेतून जात नाही. कंट्रोल रूममधून खाली उतरणार, भिंतीच्या कडेने जाणार, दाराला वळसा घालणार, परत स्पीकरपर्यंत चढणार. ४५ मीटर धरा. करंट जातो तसा परतही येतो, म्हणजे हिशोबाला ९० मीटर तांबं.

दीडच्या लवचीक तांब्याच्या वायरला किलोमीटरमागे साधारण १३.३ ओहम रोध असतो. ९० मीटरला १.२ ओहम झाले. आता दोन्ही मोठे स्पीकर आठ-आठ ओहमचे, आणि मिस्त्री ते एकाच जोडीवर पॅरलल लावणार, म्हणजे चार ओहम. एकूण ५.२ पैकी १.२ ओहम वाटेत. ॲम्प्लिफायरमधून निघालेल्या शक्तीतली २३ टक्के भिंतीतली वायर कोमट करण्यात खर्ची पडते, आणि आवाज सव्वादोन डेसिबलने पडतो. मंडळाने पाचशे वॅटचे पैसे मोजायचे आणि भिंतीने त्यातले शंभरावर घ्यायचे!

आवाज पडला तर व्हॉल्यूम वाढवता येतो. त्याहून वाईट काय होतं ते सांगतो. स्पीकरचा कागद एकदा हलला की त्याला थांबवण्याचं कामही ॲम्प्लिफायरच करतो, आणि मधल्या रोधाने ती पकड सुटते. याला डॅम्पिंग फॅक्टर म्हणतात. माहितीपत्रकात तो ४०० छापलेला असतो, म्हणजे आठ ओहमला ॲम्प्लिफायरचा स्वतःचा रोध ०.०२ ओहम. वर सांगितलेल्या जोडणीत तो तीनच्या आसपास उरतो. डग्ग्यावरची घिसट मग आवाजात चिखलासारखी पसरते, आणि लोक म्हणतात स्पीकर हलका निघाला.

आता ॲम्प्लिफायर विंगेत ठेवून बघा. वायर १२ मीटर, जाऊन-येऊन २४. अडीचची वायर घेतली (किलोमीटरला साधारण ८ ओहम) तर ०.१९ ओहम. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र जोडी दिली तर तूट ०.२ डेसिबल, आणि डॅम्पिंग ३८ च्या घरात. संपला विषय. हेच वरून करायचं म्हटलं तर चारची वायर, प्रत्येक स्पीकरला वेगळी, आणि तरी तूट अर्ध्या डेसिबलच्या जवळ. मी स्वतः अर्धा डेसिबल ही वरची मर्यादा धरतो. म्हणजे जाऊन-येऊन वायरचा रोध स्पीकरच्या ओहमच्या सहा टक्क्यांच्या आत. आठ ओहमला ०.४८, चार ओहमला ०.२४. शिवाय स्पीकरवर लिहिलेले आठ ओहम हे नावाचे आठ; काही फ्रीक्वेन्सींना तो ६.४ पर्यंत उतरू शकतो आणि तेवढी सूट मानकातच दिलेली आहे. म्हणून ‘चार ओहमपर्यंत चालतो’ असं लिहिलेल्या ॲम्प्लिफायरवर तीन स्पीकर पॅरलल चढवू नका. ब्रिज करून, म्हणजे ॲम्प्लिफायरचे दोन चॅनेल एकत्र जोडून, चालवणार असाल तर प्रत्येक चॅनेलला निम्माच ओहम दिसतो, तेव्हा तर अजिबातच नको.

वायर कुठली? महाराणी रोडवर विचाराल तर ‘ऑक्सिजन फ्री’ लिहिलेली पारदर्शक वायर मीटरला भारी भाव लावून पुढे करतील. तांबं शुद्ध आणि जाडी खरी असेल तर विजेच्या दृष्टीने घरगुती अडीचची वायरही तेच काम करते. तरीही मी घरगुती वायर वापरू देत नाही, आणि याचं कारण आवाजाचं नाही. दहा वर्षांनी कोणीतरी नवा मिस्त्री फॉल्स सीलिंग उघडतो, लाल-काळी जोडी दिसते, त्याला वाटतं हा पंख्याचा पॉइंट. स्पीकरला २३० व्होल्ट मिळाल्याचं मी एकदा पाहिलंय, वासही घेतलाय. म्हणून दोन तारांची, वरून एक आवरण असलेली, वेगळी दिसणारी केबल घ्या, आवरण कमी धूर करणारं घ्या, आणि विजेच्या पाइपात ती कधीही घालू नका. समांतर जायचं असेल तर फूटभर अंतर, ओलांडायचं असेल तर काटकोनात. मोठ्या स्पीकरला मी चार तारांची केबल टाकतो, आज दोनच वापरल्या तरी. उद्या कोणी वरचा आणि खालचा आवाज वेगळ्या ॲम्प्लिफायरवर चालवायचा ठरवला तर भिंत फोडावी लागत नाही.

इथे एक पोटविषय. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये जाणाऱ्या वायरच्या टोकाला सोल्डर लावू नका. कारागिराला ते नीटनेटकं वाटतं, पण कथील दाबाखाली हळूहळू सरकतं आणि वर्षभरात जोड ढिला होतो. तांब्याची टोपी, म्हणजे फेरूल, दाबून बसवा. स्पीकॉनमध्ये, म्हणजे मोठ्या स्पीकरच्या फिरवून बसणाऱ्या प्लगमध्ये, एक प्लस-एक मायनस, दोन प्लस-दोन मायनस असे चार टोक असतात. कोणत्या जोडीवर काय आहे ते सॉकेटच्या पट्टीवर लिहून ठेवा, नाहीतर भाड्याने आलेला ऑपरेटर अर्धा तास शोधत बसतो.

फॉयर आणि मेकअप रूमची गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे बारा छोटे स्पीकर लांब लांब पसरलेत, आणि आवाज मध्यम हवा. इथे १०० व्होल्टची लाइन करा. वीज मंडळ दूरवर वीज नेताना जे करतं तेच: व्होल्टेज चढवलं की तेवढ्याच वॅटला करंट कमी लागतो. प्रत्येक स्पीकरच्या मागे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला ३, ६, १० वॅट अशी टोकं असतात. सहावर ठेवले तर १२ गुणिले ६, ७२ वॅट. थोडी जागा राखायची म्हणून १२० वॅटचा ॲम्प्लिफायर. पूर्ण लाइनमधून करंट जेमतेम पाऊण ॲम्पियर. वायर ८० मीटर लांब गेली तरी दीडच्या वायरमध्ये तूट कानाला कळणार नाही इतकी. तर इथे तुमचा इलेक्ट्रिशियन बरोबर आहे, त्याची दीडची वायर बिनधास्त ओढू द्या. पण प्रत्येक भागाची लाइन वेगळी विंगेतल्या ॲम्प्लिफायरच्या रॅकपर्यंत आणा. फॉयरमध्ये पाणी झिरपून शॉर्ट झालं तर मेकअप रूम मुकी व्हायला नको.

मेकअप रूममध्ये भिंतीवर आवाज कमी-जास्त करायचं बटण हवं असेल तर रिलेवालं घ्या. साधं बटण कोणी नट वैतागून शून्यावर नेतो, आणि तिसरी घंटा होऊनही तो आत मिशा चिकटवत बसलेला असतो. रिलेवाल्यात घंटेच्या किंवा सूचनेच्या वेळी आवाज बटणाला न जुमानता पूर्ण येतो. आग वगैरे लागली तर तेच कामी येईल. आणि या लाइनला ८० हर्ट्झच्या खालचा आवाज जाऊच देऊ नका. छोट्या ट्रान्सफॉर्मरचं लोखंड खालच्या सुरांना भरून जातं, मग तो ॲम्प्लिफायरला शॉर्टसारखा दिसू लागतो.

जुन्या मंडळांकडे आहुजाचे ॲम्प्लिफायर असतात, ज्यांच्या पाठीवर ४, ८, १६ ओहम आणि ७०, १०० व्होल्ट अशी सगळी टोकं एका पट्टीत असतात. गणपतीत खांबावरचे भोंगे जोडून हात बसलेला माणूस त्या पट्टीकडे बघतो आणि जे मोकळं दिसेल तिथे वायर खोचतो. नियम एकच: एका वेळी एकच टोक, आणि त्यावरचे सगळे स्पीकर त्याच जातीचे. १०० व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर ७० च्या टोकावर लावले तर काही जळत नाही, आवाज निम्म्या वॅटचा होतो, सहाच्या टोकावर तीन मिळतात. उलटं केलं तर दुप्पट.

जात मिसळली की काय होतं ते मी स्वतःच्या कामात भोगलंय. उज्जैन रस्त्यावरच्या एका धर्मशाळेत १४ स्पीकर, प्रत्येकी सहा वॅट, १०० व्होल्ट. आठ महिने सुरळीत. मग एक दिवस फोन: ॲम्प्लिफायर लावला की लाल दिवा लागतो आणि बंद. गेलो. वायर काढून मल्टिमीटर लावला, तीन ओहम. मला वाटलं ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्या आहेत, चौदा पॅरलल, असंच असणार. ॲम्प्लिफायर बदलला. तोही बंद. दुसऱ्या दिवशी माझा जुना इम्पिडन्स मीटर घेऊन गेलो, जो एक किलोहर्ट्झ सोडून मोजतो. यायला हवे होते साधारण ११९ ओहम: दहा हजार भागिले एकूण वॅट, १०० व्होल्टच्या लाइनचा हिशोब एवढाच. आले आठच्या आत. मग लाइन मधोमध तोडली, अर्धी चांगली, अर्धी वाईट. वाईट अर्धी पुन्हा मधोमध तोडली. चौथ्या तुकड्यात सापडला. रंगकामाच्या वेळी जाळी काढलेली, आणि आतली फिरकी कोणीतरी ‘मोठा आवाज’ समजून शेवटच्या खुणेवर नेलेली. ती खूण होती आठ ओहम, म्हणजे ट्रान्सफॉर्मर वगळून थेट. शंभर व्होल्टवर बसलेला आठ ओहमचा एक स्पीकर एकटाच १२५० वॅट मागत होता. फिरवणारा माझाच पोऱ्या होता हे नंतर कळलं. तेव्हापासून जाळी बसवण्याआधी फिरकीवर पेंटचा थेंब टाकतो.

आता दांते. कोटेशनवाले चुकीचं काही विकत नाहीत, फक्त तुमच्या मापाचं नाही. दांते ही ऑडिनेट या ऑस्ट्रेलियन कंपनीची पद्धत, २००६ साली आली. साध्या नेटवर्क केबलवरून ध्वनीचे अनेक चॅनेल, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ, एक मिलिसेकंदाच्या उशिराने जातात. तेवढ्या वेळात आवाज हवेत जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. विमानतळावर किंवा वीस खोल्यांच्या विद्यापीठात प्रत्येक स्पीकर नेटवर्कवर असण्यात अर्थ आहे. तुमच्या कॉरिडॉरमधल्या सहा वॅटच्या स्पीकरला स्वतःचा आयपी पत्ता देऊन काय मिळणार? बंद पडला तर महाराणी रोडवर मिळायचाही नाही. मिक्सर ते विंगेतला रॅक, एवढ्यासाठी मात्र दांते जरूर घ्या. वरून खाली सिग्नल न्यायची जी लांब वाट आहे, तिथे ना घरघर शिरते ना तूट होते.

त्यासाठी कॅट ६ ची दोन केबल टाका, शक्य असेल तर दोन वेगळ्या वाटांनी. अंतराची मर्यादा १०० मीटर, तुम्ही निम्म्यातही नाही. तिसरी गोष्ट म्हणून साधी बॅलन्स्ड ॲनालॉग केबल दोन चॅनेलची टाकून ठेवा. लोक हसतात, पण प्रयोगाच्या संध्याकाळी नेटवर्कचा स्विच (या केबल एकमेकींना जोडणारी पेटी) मेला तर डावा-उजवा आवाज त्या केबलवरून पाच मिनिटांत चालू होतो. केबल घेताना आत शुद्ध तांबं आहे ना हे बघा. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम बाजारात सर्रास मिळतं. बंडल उचलताना हलकं लागतं, तार खरवडली की आत पांढरं दिसतं. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि वाकवलं की तुटतं. स्पीकरच्या वायरलाही हीच परीक्षा करा.

स्विच गिगाबिटचा आणि मॅनेज करता येणारा. वीज वाचवणारी ‘ग्रीन इथरनेट’ सोय त्यात बंद करायला लावा. ती रिकाम्या क्षणी पोर्टला डुलकी घेऊ देते, आणि दांतेची सगळी यंत्रं एकाच घड्याळावर चालत असल्याने त्या डुलकीत आवाजाला टिचक्या बसतात. प्राधान्यक्रमात आधी घड्याळाचे पॅकेट, मग ध्वनीचे, मग बाकी सगळे. या स्विचवर मंडळाचा वायफाय राउटर, सीसीटीव्ही, ऑफिसचा प्रिंटर काहीही जोडू देऊ नका, ‘एकच तर वायर आहे’ असं कोणी कितीही म्हटलं तरी. प्रत्येक यंत्राला माणसाला कळेल असं नाव द्या. ‘विंग-डावा’ दिसलं की कळतं. कारखान्यातून आलेला आकडा नाट्यप्रयोगाच्या पाच मिनिटं आधी कोणाला कळत नाही.

बाल्कनीखालच्या छोट्या स्पीकरना उशीर द्यावा लागेल, आणि तो प्रोसेसरमध्ये होतो, वायरमध्ये नाही. मुख्य स्पीकरपासून ते १३ मीटर पुढे असतील तर आवाजाला तिथे पोचायला ३८ मिलिसेकंद लागतात. त्यावर आणखी दहा घाला, म्हणजे कानाला आवाज रंगमंचावरूनच येतोय असं वाटतं. उशीर न देता चालू केले तर शेवटच्या रांगेला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं.

अर्थिंगवर एक परिच्छेद लिहावाच लागेल, कारण इथली जमीन. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात भेगाळते. अर्थिंगचा खड्डा ऑगस्टमध्ये उत्तम आकडा दाखवतो आणि मेमध्ये इलेक्ट्रोडभोवतीची मातीच सुटलेली असते. म्हणून खड्ड्यावर पाणी घालायला पाइप आणि झाकण ठेवा, आणि मोजणी उन्हाळ्यात करून घ्या. मिक्सर, रॅक, प्रोजेक्टर, सगळ्यांची वीज एकाच डीबीतून (वीज वाटपाच्या पेटीतून), एकाच फेजवर, एकाच अर्थिंगवर. दिव्यांचे डिमर दुसऱ्या फेजवर. एवढं केलं की पन्नास हर्ट्झची घुमघुम बहुतेक येतच नाही. आलीच तर प्लगची अर्थ पिन कापून ती घालवणारे ‘तज्ज्ञ’ भेटतील. अशा माणसाला दारातूनच परत पाठवा. मायक्रोफोन ओठाला लावून गाणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे तो. आवाजाच्या सिग्नलच्या लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला की तेच काम सुरक्षितपणे होतं.

वायर ओढून झाल्यावर, प्लास्टरच्या आधी, प्रत्येक जोडी दोन्ही टोकांना मोजा. एक टोक शॉर्ट करून दुसऱ्या टोकाला वर दिलेल्या हिशोबाइतका रोध यायला हवा. जास्त आला तर मध्ये जोड आहे किंवा तांबं खोटं आहे. प्लास्टर आणि फॉल्स सीलिंगनंतर हीच मोजणी पुन्हा, कारण सीलिंगवाल्याचा स्क्रू पाइपात जातोच. मेगर (जास्त व्होल्टेज सोडून तारेचं आवरण तपासणारा मीटर) लावणार असाल तर आधी सगळे स्पीकर आणि यंत्रं काढून ठेवा. स्पीकर बसल्यावर थेट आठ ओहमवाल्यांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवा: प्लस लालला, कागद बाहेर यायला हवा. एक उलटा निघाला तर दोन स्पीकरच्या मधोमध उभं राहून खर्ज नाहीसा होतो, आणि बहुतेक वेळा दोष सबवूफरला दिला जातो. जुने जेबीएलचे ड्रायव्हर कुठून मिळालेच तर त्यांची प्लस-मायनसची खूणच उलटी असते, ते लक्षात ठेवा. मोठ्या स्पीकरच्या वरच्या, शिट्टीसारख्या ड्रायव्हरला मात्र सेल लावू नका, त्याचा पातळ पडदा तेवढ्यानेही दुखावतो.

प्लास्टरवाला येण्याआधी तुमच्या मिस्त्रीकडून एवढं करून घ्या: विंगेतल्या खोलीपासून प्रत्येक मोठ्या स्पीकरपर्यंत आणि सबवूफरच्या जागेपर्यंत २५ मिलिमीटरचा स्वतंत्र पाइप, बाल्कनीखालच्या दोघांना तसाच, कंट्रोल रूम ते विंग दोन पाइप आणि त्यात ओढदोरी सोडून ठेवलेली. वळणं मोठ्या घेराची. वायर नंतर ठरली तरी चालेल. त्याला माझं हे उत्तर वाचून दाखवा, आणि रॅकच्या खोलीला खिडकी किंवा एक्झॉस्टसाठी भोक ठेवायला सांगा, कारण मे महिन्यात त्या खोलीत ॲम्प्लिफायरसोबत तोही पाच मिनिटं उभा राहू शकणार नाही.